तिहेरी कुंपण

आत्याच्या शेतात तुतीच्या रांगा होत्या, रांगांमध्ये मका होता आणि मका काढून झाला की तिथेच शेळ्या चरत. तुतीचा पाला शेळ्या खात, लेंडीखत मक्याला मिळे आणि दुधावर आत्याचं घर चाले. हे सगळं कोणत्याही परवानगीशिवाय सुरळीत चालू होतं, ही बाब गंभीर होती. शेजाऱ्याने कौतुकाने वर कळवलं आणि चक्रं फिरली.

आधी वनखात्याचे साहेब आले. "झाडं आहेत म्हणजे हे वन. वनात शेळ्या?"

"अहो, झाडं मीच लावलीत!" आत्या म्हणाली.

"वन कोणी लावलं हे आम्ही बघत नसतो, बाई."

मग आले शेतकी साहेब. त्यांच्या मते हे शेतच होतं, तुती म्हणजे फक्त नको तितकं वाढलेलं तण. पाठोपाठ गुरांचे डॉक्टर. शेळ्या आहेत म्हणजे कुरण, तेव्हा मक्याने केलेलं अतिक्रमण हटवा, असं त्यांचं म्हणणं. तिघांची बांधावरच जुंपली. आत्याने केलेला शेळीच्या दुधाचा चहा तेवढा एकमताने मंजूर झाला.

शेवटी तोडगा निघाला. तिघांना तीन कुंपणं, आणि मधून साहेबांची जीप जाईल एवढा रस्ता.

"खांब कुठून आणायचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे काय, उभेच आहेत," वनसाहेब तुतीकडे बघत म्हणाले.

अशा रीतीने झाडांच्या संरक्षणासाठी झाडं तोडण्यात आली. रस्ता मक्यातून गेला. पाला संपल्यावर शेळ्यांनी खांबांची साल सोलून खाल्ली, म्हणून सरकारी मालमत्तेच्या नुकसानीबद्दल त्यांना जप्त करण्यात आलं.

"अहो, आता दूध काय कुंपणाचं काढू?" आत्या ओरडली. तिचा प्रश्न योग्य त्या खात्याकडे पाठवण्यात आला.

आता आत काहीच नसल्यामुळे तिन्ही खात्यांचं भांडणही उरलं नाही. शेत 'आदर्श' ठरलं. बघायला बसगाड्या भरभरून येऊ लागल्या. आत्या कुंपणाला धरून ढसाढसा रडत होती आणि माहिती देणारा गृहस्थ सांगत होता, "हे आनंदाश्रू बरं का!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुंपणापाशी फोटो काढले.

तुमचाही छान आलाय. आत्याला तेवढं कडेने कापलंत, ते बरं केलंत. रडून डोळे सुजलेली बाई भिंतीवरच्या फोटोत बरी दिसत नाही.