डावा हात भिंतीवर

बेटावरच्या त्या जुन्या शहराच्या तटाला बुरूज नऊ होते आणि दरवाजा एकच. धक्क्यावर उतरल्या उतरल्या मोजणीदारांनी हे मोजलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ज्याने उभी नोकरी जमिनी मोजण्यात घालवली, तो एका दरवाज्याच्या गावात हरवणार कसा?

लेक आणि जावई बोट लागून केबिनमध्ये आडवे झाले होते. त्यामुळे विहीणबाईंना गाव दाखवायची जबाबदारी मोजणीदारांच्या गळ्यात पडली होती. लेकीच्या लग्नात त्यांनी स्वतः काढून दिलेल्या नकाशावर भरवसा ठेवून मुलाकडची मंडळी भलत्याच हॉलवर पोटभर जेवून आली होती. विहीणबाई ती गोष्ट दर भेटीत एकदा तरी काढत. आज तो विषय कायमचा मिटवायची संधी होती. फक्त पाचला जहाज सुटायच्या आत परतायचं होतं.

"गाईड करायचा का, व्याहीबुवा?"

"छे हो! डावा हात तटाला लावायचा आणि चालत सुटायचं. तट गोल फिरून दरवाज्यापाशीच येणार. शास्त्र आहे ते."

"शास्त्र त्या दिवशीही होतं," विहीणबाई म्हणाल्या. "जेवण मात्र छान होतं हो."

उजव्या हातात मिटलेली छत्री उंच धरून, डाव्या हाताने दगड चाचपत मोजणीदार निघाले. सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं, तेवढ्यात समोरून भाजीची हातगाडी आली. गल्ली चिंचोळी. दोघं एका बोळात शिरले आणि बोळाच्या दुसऱ्या तोंडाने बाहेर पडले. डाव्या बाजूला भिंत होतीच. तशीच काळी, तशीच दगडी. मोजणीदारांनी हात टेकवला.

छत्री बघून जहाजावरचे दोन आजोबा मागे लागले. आजोबांना बघून एक नवं जोडपं लागलं, आणि जोडप्याला बघून एक अख्खं महिला मंडळ.

वाटेत एक न्हाव्याचं दुकान लागलं. गिऱ्हाईकाच्या दोन्ही गालांवर साबण होता. बऱ्याच वेळाने आणखी एक दुकान लागलं. तिथल्या गिऱ्हाईकाचा एक गाल साफ झाला होता.

"या गावात न्हावी फार दिसतात," विहीणबाई म्हणाल्या.

"जुनी गावं अशीच असतात."

तिसऱ्या दुकानात गिऱ्हाईकाला पावडर लावणं चाललं होतं.

"व्याहीबुवा, न्हावी कितीही असोत. पण सगळ्यांकडे एकच गिऱ्हाईक कसं?"

मोजणीदारांनी भिंतीवरचा हात काढला. गावाभोवती तट असतो, तसा गावाच्या मधोमध बालेकिल्लाही असतो. आणि तोही गोलच असतो. बंदराकडून जहाजाचा भोंगा वाजला. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर गल्लीच्या टोकापर्यंत माणसंच माणसं. सगळ्यांत शेवटी जहाजाचा गाईड, हातात कंपनीचं निशाण घेऊन.

"अहो, तुम्ही गाईड ना? मग पुढे व्हा की!"

"माझी आज पहिलीच फेरी आहे, साहेब," गाईड कसनुसं हसला. "तुम्ही इतक्या खात्रीने चालला होता, म्हटलं आपण शिकून घ्यावं."

शेवटी विहीणबाईच पदर खोचून दुकानात शिरल्या.

"दादा, दरवाजा कुठाय हो?"

"हा काय! मागच्या दाराने उतरा, समोरच आहे." न्हाव्याने वस्तरा पुसला. "मघाशीच सांगणार होतो. म्हटलं, प्रदक्षिणा तरी पुऱ्या होऊ द्याव्यात."

मग आजोबा, जोडपं, महिला मंडळ आणि गाईड असे सगळे खुर्चीला वळसा घालत त्या दुकानातून पार झाले. पावडर लावलेला माणूस प्रत्येकाला मान लववून "या, या" म्हणत होता.

जहाजाच्या शिडीशी अधिकारी लालबुंद होऊन उभा होता. "निम्मं जहाज गायब! या सगळ्यांना कोण घेऊन फिरत होतं?"

सगळ्यांची बोटं मोजणीदारांकडे वळली. मोजणीदार आपल्या चपला बघू लागले. आता टोमण्यांची जन्मभराची सोय झाली, हे त्यांना कळून चुकलं होतं.

विहीणबाई पुढे झाल्या.

"आमचे व्याही आहेत ते. भिंत नीट तपासून घेत होते. एवढी जुनी भिंत, उगीच कुणाच्या अंगावर पडायला नको! तीनदा तपासली. भक्कम आहे."

अधिकाऱ्याने मान वळवून तटाकडे पाहिलं.

"चला व्याहीबुवा," विहीणबाई म्हणाल्या आणि शिडी चढू लागल्या.

जहाज एकोणतीस मिनिटं उशिरा सुटलं.