ते डुक्कर कुणाचं होतं?

हेल्मेटने डुक्कर माणसाळवलं, पण घरात कुणाला त्याचं काडीचंही कौतुक वाटलं नाही. हेच त्याला जास्त लागलं.

हेल्मेट हे त्याचं कारखान्यातलं नाव. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी होता. डोक्यावर हेल्मेट नसलेल्या माणसाला तो दारातूनच परत पाठवायचा, मग तो मालकाचा जावई का असेना. मालकाच्या जावयाला त्याने एकदाही परत पाठवलं नव्हतं, पण म्हणायला काय जातं?

सुट्टीच्या दिवशी हा गृहस्थ कॉम्प्युटरसमोर बसून जंगलात जायचा. ऑनलाइन खेळ होता, कानावर हेडफोन लावून टोळीने खेळायचा. त्यात हा शिकारी. शिकाऱ्याला एक जनावर पाळता येतं. इतके दिवस त्याच्याकडे एक कोल्हा होता, पण तो इतका भेकड की लढाई सुरू झाली की मालकाच्या मागे लपायचा. वाण नाही पण गुण लागला, असं टोळीतले म्हणायचे. म्हणून त्याला पांढऱ्या सुळ्यांचं रानडुक्कर हवं होतं.

ते सहजासहजी वश होत नाही. हत्यार खाली टाकायचं, हातात कंद धरायचा आणि जनावर जवळ येईपर्यंत हलायचं नाही. माऊसला धक्का लागला की ते बिथरलं, पुन्हा पहिल्यापासून. हेल्मेटची अख्खी सकाळ त्यात गेली. बायकोने दोनदा हाक मारली, पडदे धुवायला काढायचे होते. हा हलला नाही. शेवटी ती बिचारी लंगड्या स्टुलावर चढली आणि स्वतःच पडदे काढू लागली. कारखान्यात शिडीला दोन माणसांनी धरल्याशिवाय कुणाला चढू न देणारा हा अधिकारी, घरात बायको डुगडुगत होती तेव्हा डुकराच्या डोळ्यांत डोळे घालून बसला होता.

डुकराने कंद खाल्ला. नाव काय ठेवायचं, असं खेळाने विचारलं. हेल्मेटने छाती फुगवून टाइप केलं : शिस्त.

दुपारी टोळी जमली. टोळीची पुढारी होती मावशी. खऱ्या आयुष्यात ती बेकरी चालवायची, आणि बोलणंही भट्टीतून काढल्यासारखंच. ढाल घेऊन पुढे चालणारा गवंडी, तो खराच गवंडी होता. सगळ्यांच्या जखमा बऱ्या करणारी होती चिमणी. टोळीत अगदी नवी, आवाज बारीक, प्रत्येक वाक्याआधी "सॉरी हं" म्हणणारी. आणखी दोघं-तिघं होते, पण ते सांगितलं तिथे उभे राहणारे.

खेळातली पिशाच्चांची एक गुहा टोळीला कित्येक आठवडे दाद देत नव्हती. आज पार झाली तर मावशी उपपुढारी नेमणार होती. हेल्मेटला ते पद हवं होतं. अगदी हपापल्यासारखं हवं होतं. कारखान्यात त्याला सगळे घाबरायचे, पण विचारायचं कुणी नाही. निदान इथे तरी कुणी विचारावं.

गुहेत मध्यावर एक कडा लागतो. खाली डोह. वळणाच्या वाटेने गेलं तर पिशाच्चांची वस्ती मध्ये येते, म्हणून सगळे कड्यावरून सरळ डोहात उड्या मारतात. फक्त शिकाऱ्याने एक करायचं असतं : उडीआधी शिट्टी वाजवून जनावराला गुप्त करायचं. कारण जनावर उडी मारत नाही. ते इमानी असतं, मालकाच्या मागे येतं, पण वळणाच्या वाटेने, वस्तीतून, एकेकाला उठवत. शिकाऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

हेल्मेट तेव्हा शिस्तीचे गुण सांगत होता. तिचे सुळे, तिची धडक, तिचं आज्ञापालन. बोलता बोलता त्याने उडी मारली.

डोहाकाठी सगळे सावरून उभे राहिले. मावशीने पुढची आखणी सांगायला घेतली. तेवढ्यात वळणाची वाट जिथून बाहेर पडते त्या मागच्या बोगद्यातून आवाज आला. आधी आली शिस्त, शेपटी वर करून, मालक सापडल्याच्या आनंदात. तिच्या मागे अख्खी वस्ती. बोगद्याच्या तोंडाशी उभी होती चिमणी. बाकी सगळ्यांची तोंडं पुढे होती, त्यामुळे त्यांना दिसलं ते एवढंच, की पिशाच्चं चिमणीच्या अंगावरून आली.

हेल्मेटने शिस्तीला पाहिलं. माईक हाताने झाकून तो 'अरे डुक्कर, डुक्कर' असं कुजबुजला आणि त्याने झटकन शिट्टी वाजवली. डुक्कर गायब. पुरावा खिशात. मग सगळे मेले.

"कुणी उठवलं त्या पिशाच्चांना?" गुहेच्या दाराशी सगळे पुन्हा जिवंत झाल्यावर मावशीने विचारलं.

इथे हेल्मेटने तोंड बंद ठेवलं असतं तरी निभावलं असतं. पण अपघात झाला की चौकशी करायची आणि चौकशी केली की कुणीतरी सापडायला हवं, ही त्याची कारखान्यातली सवय. आणि सापडतो कोण? यंत्राची संरक्षक जाळी काढून ठेवायला सांगणारा साहेब कधी सापडत नाही. सापडतो तो सगळ्यांत लहान, सगळ्यांत नवा, ज्याला उलट बोलता येत नाही तो. हेल्मेटची जीभ आपोआप त्या रुळावर गेली. बोगद्यापासून किती अंतर ठेवायचं, पाठीमागे कसं बघायचं, निष्काळजीपणा एकाचा असतो आणि भोगतात सगळे, असं तो बोलत राहिला. चिमणीचं नाव त्याने घेतलं नाही. बोट मात्र तिच्याकडेच होतं.

"सॉरी हं," चिमणी म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

गवंडी म्हणाला, नवख्यांना गुहेत आणूच नये. मावशीने चिमणीला सांगितलं की पुढच्या वेळेपासून बाहेरच थांब. चिमणी बरं म्हणाली आणि गेली.

हेल्मेटने हेडफोन काढला. शेजारी बायको इस्त्री करत होती. ती बालवाडीत शिकवायची. दिवसभर तिच्यासमोर पोरं पेन्सिली चोरून खोटं बोलायची, त्यामुळे खोट्याचा वास तिला भिंतीपलीकडून यायचा.

"कुणाला एवढं झापत होतात?"

नव्या मुलीला, तिच्या चुकीने सगळे मेले, असं त्याने सांगितलं.

"काय केलं तिने?"

"उभी होती."

"उभी राहिल्याने मेले?" तिने शर्टाची कॉलर उलटली. "आणि आधी ते 'अरे डुक्कर, डुक्कर' असं कुजबुजत होतात, ते डुक्कर कुणाचं होतं?"

हेल्मेट पाणी प्यायला उठला. दोन पेले प्यायला. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि तेच वाईट झालं. न विचारलेला प्रश्न घरभर मागे मागे फिरू लागला, उड्या न मारता, वळणावळणाने. बाथरूममध्ये आरशात त्याने स्वतःचं तोंड पाहिलं. ते कोल्ह्याचं होतं.

संध्याकाळी तो पुन्हा टोळीत गेला. मावशीला सांगून चिमणीलाही बोलावून घेतलं. घसा खाकरून म्हणाला, चूक चिमणीची नव्हती, माझी होती. डुक्कर माझं होतं, मी त्याला गुप्त केलं नाही.

मग गवंडी गहिवरून म्हणाला, "याला म्हणतात मोठं मन. पोरीला वाचवायला दोष स्वतःच्या अंगावर घेतोय."

"अहो नाही, खरंच माझं—"

"राहू दे रे," मावशी म्हणाली. "एवढा जुना शिकारी शिट्टी विसरेल होय? चिमणी, तू ये परत. आणि हेल्मेट, आजपासून तू उपपुढारी."

चिमणी तर रडायच्या बेतात आली. "दादा, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत."

हेल्मेटला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दोष द्यायला गेला तेव्हा सगळ्यांनी लगेच ऐकलं होतं, घ्यायला आला तर कुणी घेऊ देईना. हवं होतं ते पद पदरात पडलं होतं आणि जळत्या निखाऱ्यासारखं चटके देत होतं. गप्प बसला असता तर प्रकरण मिटलं असतं. पण कानात 'दादा, दादा' चाललेलं.

"चला गुहेत," तो म्हणाला. "दाखवतो."

सगळे कड्यावर आले. हेल्मेटने शिस्तीला बाहेर काढलं आणि सगळ्यांना तिच्याकडे बघायला सांगितलं. शिट्टी न वाजवता त्याने उडी मारली. मागून बाकीचे उतरले. डोहाकाठी सगळ्यांनी बोगद्याकडे तोंड करून वाट पाहिली. शिस्त आली. वस्ती आली. सगळे मेले.

गवंडी फक्त "च्यायला" म्हणाला.

मग चिमणीचा बारीक आवाज आला. "सॉरी हं दादा, पण उडीआधी शिट्टी वाजवायची असते."

"तुला माहीत होतं?" मावशीने विचारलं.

"हो. डुक्कर येतानाही दिसलं होतं मला."

"मग दुपारी बोलली का नाहीस?"

"दादा इतकं ठामपणे सांगत होते," चिमणी म्हणाली, "की मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल."

कारखान्यात असं किती जणांना वाटलं असेल, हे मोजायला हेल्मेटचं मन धजेना. मावशीने त्याचं पद काढून घेतलं. तो बरं म्हणाला आणि त्याने हेडफोन खाली ठेवला.

बायको दारात उभी होती. "काय झालं?"

"सगळे मेले."

"कुणामुळे?"

"माझ्यामुळे."

"बरं," ती म्हणाली. "पडदे वाळलेत. मी लावते, तुम्ही स्टूल धरा."