शेवटून तिसरी खाट

बसवणप्पांना जगातली कुठलीही गोष्ट सांगा, ते म्हणायचे, "आमच्या अक्कलकोटला हाय की." एकदा मी त्यांना मुंबईच्या समुद्राचं सांगत होतो. ते म्हणाले, "तळं हाय की. लई मोठं हाय."

दुष्काळाच्या वर्षी जेऊरच्या पुढं उघड्या माळावर रस्त्याचं काम निघालं होतं. मी ओव्हरसियर, बसवणप्पा स्टोअरकीपर. टिकाव, फावडी, घमेली त्यांच्या ताब्यात. एखाद्या घमेल्याचं बूड गेलं की ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, "सत्तावीस नंबर आजारी हाय." चार महिने आम्ही तंबूत होतो. भाकरीत धूळ, अंथरुणात धूळ. हिरवं म्हणाल तर फक्त तंबूचं कापड.

एका रविवारी साहेबांनी जीप दिली. म्हणाले, "पाचगणी बघून या. माणसात याल." बसवणप्पा येणार नाहीत, हे मी धरूनच चाललो होतो. पहाटे बघतो तर धुतलेलं धोतर नेसून ते पुढच्या सीटवर तयार!

वाईच्या पुढं घाट लागला. वळणागणिक दरी खोल होत गेली, गार वारा तोंडावर आला. ड्रायव्हर रशीद खुशीत ओरडला, "बसवणप्पा, देखो तो, क्या घाट है!"

"आमच्याकडं हाय की."

"अक्कलकोटला घाट?" मी विचारलं.

"चढ हाय."

वर टेबललँडचं अफाट पठार त्यांनी कमरेवर हात ठेवून न्याहाळलं. "वो सायेब, हा आपलाच माळ की! उगं उचलून वर ठिवलाय." मग तिथंच बसून त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली.

परतताना गावाबाहेर त्यांनी अचानक जीप थांबवायला लावली. "धा मिंटं," म्हणून ते एका जुन्या दवाखान्याच्या फाटकातून आत गेले. मीही मागोमाग गेलो. लांब व्हरांड्यात खाटांची रांग होती. ते नर्सबाईंना विचारत होते, "बाई, शेवटून तिसरी खाट हीच न्हवं?"

खाट रिकामी होती. बसवणप्पांनी वहाणा काढल्या आणि सरळ कुशीवर आडवे झाले.

"अहो, हे काय?" नर्सबाई म्हणाल्या.

"आमची घरची हितं होती, बाई. सात महिने. छातीच्या दुखण्यानं. हितंच गेली." ते दरीकडं बघतच बोलत होते. "घरी दोन लेकरं, आई अंथरुणाला. मला एकदाबी येणं झालं न्हाई. ती लिवायची, पडल्या पडल्या नदी दिसती, लई छान वाटतंय. मला वाटायचं, माझ्या जिवाला घोर नको म्हणून खोटं लिवती."

मी खाटेशी वाकून पाहिलं. झाडांच्या फटीतून, खूप खाली, कृष्णेची बारीक रेघ उन्हात चमकत होती.

"दिसतीय?" मी विचारलं.

"दिसतीय."

थोड्या वेळानं बसवणप्पा उठले, चादरीच्या चुण्या हातानं सारख्या केल्या आणि उशीजवळ वाकून कानडीत हळूच काहीतरी बोलले.

मला कानडी येत नाही. मी विचारलंही नाही.