मागच्या सीटवरून पहिलं मत

शनिवार, १५ ऑक्टोबर २००५. ठिकाण: जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या बाहेर, अमेरिकन गाड्या आयात करून विकणाऱ्या एका दुकानाचं अंगण. हजर: मी; माझा नवरा अविनाश; आमची मुलगी सई, वय नऊ; विक्रेते हेर (म्हणजे श्रीयुत) लोरेन्त्स; आणि प्रभुदेसाई. आम्ही चौघं एका नव्या कोऱ्या गाडीसमोर उभे होतो. प्रभुदेसाई त्या गाडीच्या मागच्या सीटवर, दार लावून घेऊन, थर्मासमधला चहा पीत होते.

"ते बाहेर कधी येतील?" हेर लोरेन्त्सनी मला हळूच विचारलं.

"चहा संपला की," मी म्हटलं.

"गाडी विकत घेणारे तेच आहेत का?"

"नाही. माझे यजमान घेणार आहेत. हे फक्त बसतात."

हेर लोरेन्त्सनी समजल्यासारखी मान हलवली. त्यांना काही समजलेलं नव्हतं. आम्हालाही पहिल्या वेळी समजलं नव्हतं.

प्रभुदेसाई म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात जुने मराठी गृहस्थ. इथल्या तांत्रिक विद्यापीठात पीएचडीला आले आणि राहिले. गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. बुटके, नीटनेटके, बाराही महिने बिनबाह्यांचा स्वेटर. कंपनीतले लोक त्यांना 'हेर प्रभु' म्हणतात, कारण पुढचं आडनाव उच्चारेपर्यंत जेवणाची सुट्टी संपते. आमच्यापैकी कोणीही गाडी घ्यायची ठरवली की त्यांना सोबत नेतं. आणि प्रत्येक वेळी तेच होतं. घेणारा धावत जाऊन स्टिअरिंगमागे बसतो, प्रभुदेसाई मागचं दार उघडतात.

"पुढे बसून कोणीही खूष होतो, वहिनी," ते म्हणतात. "गाडी मागून बघायची असते."

मागून बघणं हा त्यांचा स्वभावच आहे. कोणाकडे जेवायला गेले की लहान मुलांसाठी ठेवलेली खुर्ची शोधून तिच्यावर बसतात, आणि वाढायच्या आधी यजमानांना सांगतात की तिचा डावा पाय आखूड आहे. आम्ही हे घर भाड्याने घेतलं तेव्हा त्यांनी दिवाणखान्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ सईच्या खोलीत जाऊन जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांच्या नेहमीच्या जर्मन 'तर मग'ने सुरुवात करून म्हणाले, "आल्झो, मागून सांगतो. इथे हीटरचा पाइप गुरगुरतो. पोरगी घाबरेल." पाइप खरंच गुरगुरत होता. गणेशोत्सवात ते शेवटच्या रांगेत बसतात. एका वर्षी मी मराठी मंडळाची अध्यक्ष म्हणून भाषण केलं, सगळ्यांनी कौतुक केलं. प्रभुदेसाई जवळ येऊन म्हणाले, "छान दिसत होतात. बोललात का काही?"

पहिलं मत द्यायला त्यांना एक थर्मास चहा लागतो. "चहाच्या आधी जे वाटतं ते मत नव्हे, ती घाई," असं त्यांचं म्हणणं.

आता गाडीबद्दल. अविनाश शाळेत असताना कोल्हापुरात त्यांच्या घराखाली एक गॅरेज होतं. त्या गॅरेजच्या भिंतीवर एका अमेरिकन मसल कारचं चित्र होतं: दोन दारं, लांबच लांब बॉनेट, आठ सिलिंडरांचं इंजिन, आणि मागे आखूड शेपूट. पुढच्या काळात कंपनीने त्या गाडीचं रूप बदलत बदलत तिची अगदी साबणाची वडी करून टाकली. अविनाशला याचं वैयक्तिक दुःख होतं. आणि या वर्षी कंपनीने तिला नव्याने घडवली, तीसुद्धा जुन्या चेहऱ्याची. गोल दिवे, पुढे झुकलेलं नाक, मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन उभे लाल दिवे. अंगणात ती दिसली तेव्हा अविनाश तिच्याभोवती एक फेरी मारून गप्प उभा राहिला. दात घासतानाही बोलणारा माणूस आहे हा. मी समजले की प्रकरण गंभीर आहे.

मी माझी यादी काढली. मंडळाच्या जेवणांची मोठी पातेली डिकीत मावतात का: एक मावतं. वेग मैलांत दाखवते: सवय होईल. मागचे इंडिकेटर लाल, इथल्या नियमाला पिवळे लागतात: दुकान बदलून देईल. गॅरेजमध्ये शिरेल का: शिरेल, पण दार उघडणार नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला ती आवडली. एवढा थाट आणि एवढा भाबडा चेहरा, दोन्ही एका गाडीत मी पाहिलं नव्हतं. माझी बोटं बॉनेटवरून फिरत होती आणि मला कुतूहल होतं की प्रभुदेसाई काय म्हणणार. अविनाशला धाकधूक होती. त्यांनी नको म्हटलेली गाडी आमच्यात आजवर कोणी घेतली नव्हती.

चहा संपला. दोन दारांच्या गाडीतून मागचा माणूस बाहेर येणं हा एक कार्यक्रमच असतो. पुढची सीट वाकवली, आधी थर्मास आला, मग एक पाय, मग बराच वेळ काहीच नाही.

"काका अडकले," सई जर्मनमध्ये म्हणाली.

"अडकलो नाही, विचार करतोय," आतून मराठीत उत्तर आलं.

बाहेर येऊन त्यांनी स्वेटर खाली ओढला. "आल्झो, मागून सांगतो. शिलाई चांगली. मांड्यांना आधार नाही. खिडकी पानाच्या विड्याएवढी. आता चालवून बघू. मी आणि सई मागे."

हेर लोरेन्त्सनी आमच्या जुन्या गाडीची किल्ली ठेवून घेतली. मी घरून आणलेली सईची किंडरझित्स, म्हणजे लहान मुलांना इथे सक्तीची असलेली उंच बैठक, मागे लावली. निघण्याआधी प्रभुदेसाईंनी अविनाशला त्यांची नेहमीची अट सांगितली. "आउटोबानला लागलात की सईशी काहीतरी बोला. साध्या आवाजात. मागे वळायचं नाही, ओरडायचं नाही."

ही अट ते सगळ्यांना घालतात. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाची लहर आहे.

इंजिन सुरू झालं आणि अविनाशच्या चेहऱ्यावर तो कोल्हापूरचा मुलगा आला. आवाज कानांना नाही, बरगड्यांना ऐकू येत होता. आउटोबानला, म्हणजे इथल्या महामार्गाला, लागल्यावर त्याने समोर पाहत विचारलं, "सई, रात्री थालीपीठ करू या का?"

उत्तर नाही.

"सई, थालीपीठ? की दुसरं काही?"

उत्तर नाही. अविनाश माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ. मराठीत विचारलं की आताशा अशीच करते. मी बोलणंच सोडणार आहे." तो हसून म्हणाला, पण गेले काही महिने तो हे वाक्य हसत म्हणत होता आणि खरोखरच कमी बोलत होता.

मागून प्रभुदेसाईंनी त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि पुढच्या पार्किंगकडे हात केला.

गाडी थांबल्यावर त्यांनी सईला विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

सईने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. बाबा कुठे काय बोलले, असं ती जर्मनमध्ये म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," प्रभुदेसाई म्हणाले. "अविनाश, आता तुम्ही मागे बसा. वहिनी चालवतील, मी पुढे बसतो."

सहा फुटी अविनाश त्या सीटवर कसा घडी झाला ते मी इथे सांगत नाही, त्याने मनाई केली आहे. पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन आम्ही वळलो. मी गाडी चालवली, आणि वाटेत प्रभुदेसाई समोर बघत साध्या आवाजात बरंच काही बोलले. परतीच्या बाजूच्या पार्किंगला थांबून अविनाश बाहेर आला तेव्हा त्याची मान वाकडी होती.

"काय ऐकलंत?" प्रभुदेसाईंनी विचारलं.

"इंजिन. टायर. तुम्ही बोलत होतात का?"

मी मात्र शेजारीच बसले होते. मी सगळं ऐकलं होतं.

ते म्हणाले होते की त्यांची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी मुग्धा सात वर्षांची होती. दर शनिवारी ते तिला पोहण्याच्या क्लासला हानोफरला न्यायचे. ती मागे बसायची. बाराव्या वर्षापर्यंत कायद्याने, पुढे सवयीने. ते समोर बघत बोलायचे: शाळा कशी चाललीय, आईची आठवण येते का, दिवाळीला काय करू या. मागून उत्तर यायचं नाही. त्यांना वाटलं, हिला मराठी नको आहे. मग वाटलं, हिला मीच नको आहे. म्हणून एके दिवशी त्यांनी विचारणं थांबवलं. दोघं गप्प जायचे आणि गप्प यायचे. मुग्धा शिकायला हॅम्बुर्गला गेली. ती जुनी गाडी मोडीत काढायला देताना भंगारच्या दुकानाचा माणूस चालवत होता आणि शेजारच्या सीटवर त्याचं सामान होतं, म्हणून प्रभुदेसाई पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत मागे बसले. तो माणूस वाटेत काहीतरी बोलला. ओठ हलताना आरशात दिसले, आवाज आला नाही.

"जन्मभर सीटा बनवल्या, वहिनी," ते म्हणाले होते. "बसलो मात्र नाही."

पार्किंगमध्ये मी हे अविनाशला सांगितलं. प्रभुदेसाई तेवढा वेळ मागच्या तीन लाल दिव्यांची बारकाईने पाहणी करत होते. अविनाशने बॉनेटवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

"गाडी वाईट नाही हो," प्रभुदेसाई दिव्यांकडे बघतच म्हणाले. "देखणी आहे. दोघांची आहे, एवढंच. पुढच्या दोघांची."

अंगणात परतल्यावर हेर लोरेन्त्सनी कागद पुढे केले. अविनाशने ते वाचले, त्यांना परत दिले, आणि गाडीचा एक फोटो काढून घेतला. तो आता आमच्या फ्रिजवर आहे.

घरी येताना आमच्या जुन्या गाडीत प्रभुदेसाई मागे सईशेजारी बसले. मी चालवत होते. अविनाश पूर्ण मागे वळला आणि म्हणाला, "सई, रात्री थालीपीठ?"

कांदा घालणार नसाल तर हो, असं सई म्हणाली. जर्मनमध्येच म्हणाली, पण लगेच म्हणाली. प्रभुदेसाई खिडकीबाहेर बघत होते.

त्यांच्या इमारतीखाली उतरवताना मी विचारलं, "मुग्धाला सांगितलंत हे?"

"फोनवर कसं सांगणार? शेजारी बसून सांगायचं आहे."

दिवाळीला मुग्धा आली. त्यांनी तिला स्टेशनवरून आणलं, ती पुढे त्यांच्या शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. "मग?"

"आल्झो," ते म्हणाले, "स्टेशनपासून घर फारच जवळ आहे, वहिनी. सिग्नलही सगळे हिरवे मिळाले."

म्हणून त्या आठवड्याच्या यादीत मी एक ओळ वाढवली: प्रभुदेसाईंना गाडीने हॅम्बुर्गला पाठवणे, येताना मुग्धाला घेऊन. लांबचा रस्ता आहे, दोघंच असतील, पुढच्या दोन सीटा आहेत. हिवाळ्याचे टायर बदलून झाले, पातेली घासून मंडळाच्या कपाटात गेली, सईच्या खोलीतला पाइपही दुरुस्त झाला. ही ओळ मात्र अजून बाकी आहे; ती मी दर रविवारी नव्या यादीवर उतरवून घेते.