पट्टी काळी चार

गाण्याच्या बाईंना राग आला तो सकाळी साडेसातला, शाळेच्या फाटकात. आणि तो एकटा आला नाही. मागचे सगळे जुने राग हाताला धरून आला.

फाटकात तिसरीची बेचाळीस मुलं उभी होती. प्रत्येकाच्या हातात चार-चार पट्ट्या. आखायच्या. काळ्या. दुकानात काळ्या पट्ट्या मिळत नाहीत हे कळायला आईबापांची कालची अख्खी संध्याकाळ गेली होती. मग कुणी बुटाचं पॉलिश फासलं, कुणी काळी चिकटपट्टी गुंडाळली, आणि एका मुलाच्या सुतार बापानं फळकुटं तासून त्यांना डांबर लावलं. डांबर वाळलं नव्हतं. मुलांचे हात काळे, नाकाचे शेंडे काळे आणि पांढऱ्या सदऱ्यांवर पाचही बोटं उमटलेली.

"बाई, गणिताला एक पट्टी पुरते," सुतार म्हणाला. "गाण्याला चार कशाला लागतात हो?"

"कोण म्हणालं गाण्याला पट्ट्या आणा?"

"तुम्हीच की!" त्यानं मोबाइल पुढे केला.

बाईंनी वाचलं. 'गुरुवारी गाण्याच्या तासाला प्रत्येक मुलाने चार काळ्या पट्ट्या आणाव्यात. पट्टी बदलल्यास चालणार नाही.' खाली बाईंचं नाव.

बाईंनी लिहून दिलं होतं ते एवढंच: 'गुरुवारी गाण्याला पट्टी काळी चार. कुणीही पट्टी बदलू नये.' पेटीवरची चौथी काळी पट्टी दाबली की जो सूर येतो, त्या सुरात गायचं. घरी सराव करताना भलत्याच सुरात ओरडू नका, म्हणून ही चिठ्ठी. कारण आज वरून साहेब येणार होते. गाण्याचा तास ठेवायचा की बंद करून गणिताला द्यायचा, हे ते आज मुलांचं गाणं ऐकून ठरवणार होते.

बाई तरातरा कार्यालयात गेल्या. निरोप पाठवणारे कारकून शांतपणे पेन्सिलीला टोक करत होते.

"मी फक्त व्याकरण सुधारलं, बाई. 'पट्टी काळी चार' हे काय मराठी झालं? चार म्हटलं की पट्ट्या. आणि विशेषण आधी."

"विशेषण आधी! आणि डोकं कधी?"

बाहेर गलका वाढला होता. एक आजी फाटकाच्या गजाला धरून सगळ्यांना समजावत होत्या. "अगं, सरळ आहे. ही बाई मारते पोरांना. चार अशासाठी, की एक मोडली तर दुसरी हाताशी असावी."

"आणि काळ्या?"

"वळ उठला तर दिसू नये म्हणून!"

हे सगळ्यांना पटलं. जे खोटं असतं ते फार लवकर पटतं. मोठ्या बाई धावत आल्या आणि सगळ्यांदेखत विचारू लागल्या, "बाई, तुम्ही मारता मुलांना?"

"मी?" बाईंचा आवाज चढला. "मला तास तरी कुठं मिळतो मारायला? सोमवारी गणिताचे सर घेतात, 'भाग राहिलाय' म्हणून. मंगळवारी वजनं-उंची. उरला गुरुवार, तोही जिन्याखाली, झाडू-बादल्यांच्या शेजारी!"

"म्हणजे तास मिळाला तर माराल?" मागून एक आवाज आला. साहेब होते. ते नेमके याच वाक्याला पोहोचले होते आणि नेमके डांबराच्या पोराला खेटून उभे राहिले होते.

बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. चिठ्ठी, व्याकरण, सूर. साहेबांनी बाहीवरचा काळा डाग पाहिला, फाईल उघडली.

"ठीक. चूक कारकुनाची. पण पाच महिने तुम्ही शिकवताय. पट्टी म्हणजे सूर, हे बेचाळीसपैकी एकाही मुलाला कळलं नाही? मग तास ठेवून उपयोग काय?"

बाई काहीतरी बोलणार होत्या. राग होता तसाच उभा राहिला, नुसता, दारात अडवलेल्या पाहुण्यासारखा.

"आम्हाला कळलं होतं," दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली.

"काय?"

"मी सांगितलं घरी. आई, काळी चार म्हणजे सूर असतो. आई म्हणाली, उलट बोलू नकोस, पॉलिश आण."

"मीपण सांगितलं!" दुसरा ओरडला. "मीपण!" "मी तर गाऊन दाखवलं, तर बाबांनी कोपऱ्यात उभं केलं." सुतार आपल्या चपलांकडे बघू लागला.

"गाऊन दाखवलं म्हणजे कसं?" साहेबांनी विचारलं.

पेटी कपाटात, किल्ली कारकुनाकडे. पण दोन वेण्यांच्या मुलीनं डोळे मिटले, तोंड मिटलं आणि नाकातून एक बारीक सूर धरला, पहाटेच्या दिव्यासारखा. पट्ट्या धडाधड जमिनीवर पडल्या. बेचाळीस काळी नाकं वर झाली.

"वाऱ्या रे वाऱ्या, हळू ये घरी,
बाळ माझं निजलं पाखराच्या परी..."

तेवढ्यात कारकून पेटी घेऊन आले. बाईंनी चौथी काळी दाबली. तोच सूर. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही. आजींनी डोळ्यांना पदर लावला आणि वर आणखी, "मी म्हणतच होते," असंही म्हणाल्या.

साहेबांनी फाईल मिटली. "तास राहील. आठवड्याला एक."

"दोन!" बाई गरजल्या. "आणि खोली. दार असलेली!"

साहेब दचकले. "दोन," ते म्हणाले. "खोलीसह."

सगळे पांगले. बाई अजून धुमसत होत्या. मोठ्या बाई, कारकून, सुतार, आजी, कुणाकुणाला काय काय ऐकवायचं राहिलं, याची मनात उजळणी चालली होती. दोन वेण्यांची मुलगी जवळ आली.

"बाई, एक सांगू? तुम्ही रागावलात ना, की तुमचा आवाज अगदी बरोबर काळी चारला लागतो. आम्ही सगळे तिथूनच सूर घेतो."

बाईंनी तिच्यावर डोळे वटारायचा प्रयत्न केला. हसू फुटलं, आणि ते मात्र अगदीच बेसूर होतं.