चौथ्या खांबाजवळची गाडी

बाजारामागच्या पार्किंगमध्ये आबांनी पिशवी खाली आपटली. चौथ्या खांबाजवळ त्यांची गाडी नव्हती. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस आपली गाडी कुठे लावली हे विसरेल? त्यांनी थेट पोलिसांना फोन केला आणि मग, नाइलाजाने, मुलाला.

मुलगा ऑफिसातून तणतणतच आला.

"नीट आठवा, आबा. मागच्या महिन्यात चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होतात."

"गाडी काय फ्रीजमध्ये मावते?"

"वय झालं की मेंदू आकसतो. वाचलंय मी."

"माझा आकसला असेल, तुझा तर वाढलाच नाही!"

मुलाने त्यांना दंडाला धरून रांगारांगांतून फिरवलं. सातव्या खांबाजवळ तसलीच जुनी पांढरी गाडी उभी होती; नंबराची पाटी चिखलाने माखलेली.

"ही काय! उगाच पोलिसांना बोलावलंत."

आबांना ती आपली वाटेना. पण मुलगा इतक्या ठामपणे बोलत होता की त्यांनाही शंका आली. खरंच विसरलो की काय? त्यांनी चावी घातली. फिरेना. "द्या इकडे!" म्हणत मुलाने ती हिसकावली आणि असा जोर लावला की चावी कुलपातच मोडली. गाडी ठणाणा बोंबलू लागली.

"माझ्या गाडीला काय करताय?" एक दातांच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांच्यामागोमाग पोलीस.

"गाडी चोरीला गेल्याची तक्रार तुमचीच ना?" मोडकी चावी बघत पोलिसाने विचारलं. "मग तुम्ही हे काय करताय?"

"वडिलांचं वय झालंय हो," मुलगा म्हणाला. "काही लक्षात राहत नाही. आजपासून यांचं गाडी चालवणं बंद!"

आबांनी रागाने त्याच्याकडे पाठ फिरवली.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. त्या कोलाहलात काही ऐकू येईना, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"साहेब, गॅरेजमधून बोलतोय. सकाळी तुम्ही सांगितलंत तशी बाजारामागून वडिलांची गाडी उचलून आणली. तुमच्याकडची दुसरी चावी बरोबर लागली. ब्रेक झालेत. त्यांना कळवलंत ना?"

पोलिसाने मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"यांचं वय काय म्हणालात?" त्याने आबांना विचारलं.

डॉक्टरीणबाईंना कुलूप आजच्या आज बदलून द्यायचं कबूल करून बापलेक पायीच निघाले. बरंच अंतर गेल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "आबा, आईला यातलं काही सांगू नका."

आबा थांबले. "कशातलं?"

घर येईपर्यंत मुलाने दहादा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आबा खरंच विसरलेत की अजून चिडलेत, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.