गारत सलमाचे अस्पर्शीकरण

गारत सलमा या तळ्याला अद्याप मनुष्यस्पर्श झालेला नाही, असे पक्षीनिरीक्षण सहलीच्या पत्रकात छापून आले, तेव्हा मब्रूका त्याच तळ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हैस धूत होती.

पत्रक तिला वाचून दाखवले तिचा भाचा मोंसेफ याने; तो तिला तिकडच्या बोलीत 'खालती', म्हणजे मावशी, म्हणे. ट्युनिशियाच्या उत्तर टोकाला निघणाऱ्या या सहलींचा तो सरकारमान्य वाटाड्या. पाहुण्यांना ओकच्या रानातून खाली तळ्यावर आणायचे, कलहंस आणि जांभळ्या पाणकोंबड्या दाखवायच्या आणि परतताना मावशीच्या तळ्याकाठच्या अंगणात भट्टीतली गरम रोटी नि ताक द्यायचे, असा त्याचा शिरस्ता होता.

"मनुष्यस्पर्श नाही?" मब्रूका म्हणाली. "मग मी कोण रे? बगळा?"

"खालती, जाहिरात आहे ती. तुझ्याबद्दल नाहीये."

"माझ्याबद्दल नाहीये, तेच तर विचारतेय!"

मोंसेफ हसला. जिल्हा निसर्ग-पर्यटन कार्यालयाचे प्रमुख सी, म्हणजे श्रीयुत, शाज़ली मात्र हसले नाहीत. राजधानीतल्या एका पाहुण्याने त्यांच्याकडे तक्रार केली होती की, अस्पर्श निसर्गात शेणाचा वास आला आणि एका पाणकोंबडीच्या छायाचित्रात मागून म्हशीचे शेपूट डोकावले. यावर दोन उपाय संभवत होते: पत्रक बदलणे किंवा तळे बदलणे. पत्रक चकचकीत कागदावर, चार रंगांत छापून झाले होते.

"म्हशी दृश्यबाह्य करा," सी शाज़लींनी मोंसेफला बोलावून सांगितले. "आणि त्या बाईसुद्धा."

"साहेब, ती माझी मावशी आहे. तिचा जन्म तिथला."

"उत्तम! म्हणजे तुमचं ती ऐकेल. आणि तुमच्या परवान्याचं नूतनीकरण याच महिन्यात आहे, नाही का?"

मोंसेफने मावशीला ही बातमी कशी सांगावी याची वाटभर उजळणी केली. प्रत्यक्षात त्याला फक्त "खालती..." एवढेच म्हणता आले. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले, चूल विझवली आणि म्हशींची दावी सोडली. गावाबाहेर टोमॅटोच्या कारखान्यामागे तिला एक खोली मिळाली. सामान वाहताना मोंसेफ सारखा म्हणत होता, "थोडे दिवस गं." ती म्हणाली, "तू त्या पत्रकवाल्यांसारखं बोलायला लागलायस."

मग तळ्याचे अस्पर्शीकरण जोमात सुरू झाले. निसर्गाला धक्का लागू नये म्हणून लाकडी पूल ठोकला. शांततेचे महत्त्व सांगणारे फलक लावले, आणि ते न वाचणाऱ्यांसाठी एक पहारेकरी नेमला. कोणी बोलले की तो शिट्टी मारी.

म्हशी होत्या तोवर बोरू, म्हणजे तळ्यातले उंच पाणगवत, चरला जाई आणि पाणी मोकळे राही. म्हशी गेल्या आणि बोरू माजला. हिवाळ्यात कलहंसांचे थवे आले, वरून एक घिरटी घालून त्यांनी पाणी शोधले आणि पुढे निघून गेले.

"साहेब, म्हशी परत आणल्या तर—" मोंसेफने सुचवून पाहिले.

"पक्षी न येणं ही नैसर्गिक घटना आहे," सी शाज़ली म्हणाले. "निसर्गात ढवळाढवळ आपण करायची नाही."

त्यांनी सहलीचे नाव 'पक्षी-प्रतीक्षा' असे ठेवले. आश्चर्य म्हणजे ती फारच चालली. लोक बोरूकडे पाहत तासन् तास बसत. एक दंतवैद्य बाई तर डोळे मिटून रडल्या. इतके काहीही नसलेले आपण कधीच पाहिले नव्हते, असे त्या म्हणाल्या.

पण बशीर नावाचे निवृत्त शिक्षक एकदा गटात आले आणि हट्टाला पेटले. "अरे बाबा, ही दुर्बीण काय गवत बघायला आणलीय? एक तरी पक्षी दाखव!"

शिट्टी वाजली. मोंसेफलाही आता राहवेना. त्याने सगळ्यांना गाडीत घातले आणि थेट टोमॅटोच्या कारखान्यामागे नेले.

कारखान्याच्या सांडपाण्याचे तिथे मोठे डबके झाले होते. मब्रूकाच्या म्हशी त्यात निवांत डुंबत होत्या. आणि त्यांच्या भोवती, कडेपासून कडेपर्यंत, कलहंस, पाणकोंबड्या, बदके, आणि मधोमध गुलाबी रोहित पक्ष्यांची दाटी. मब्रूका बादली घेऊन काठावर उभी होती.

"आलास?" ती मोंसेफला म्हणाली. "बघ, सगळे इकडेच आलेत. त्यांना कुणी पत्रक दिलं नव्हतं वाटतं."

बशीर सरांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी कॅमेरा उचलला, आणि जरा खाली केला.

"त्या म्हशी तेवढ्या हाकलता येतील का?" ते अदबीने म्हणाले. "आणि आजी, तुम्ही जरा बाजूला... आणखी थोडं... त्या भिंतीमागे गेलात तर फारच उपकार होतील."

गटातल्या सगळ्यांनी कॅमेरे उचललेले होते. मोंसेफने मावशीचा हात धरला आणि तिच्यासोबत तोही भिंतीमागे जाऊन उभा राहिला.

"तू का आलास?" मब्रूकाने विचारले.

"मीही फोटोत येत होतो, खालती."

सरांनी छायाचित्रातून कारखान्याचे धुराडे वरून कापले, कुंपण खालून कापले. मावळतीच्या उजेडात सांडपाणी सोन्यासारखे निघाले. ते छायाचित्र देशोदेशी फिरले, कार्यालयात दूरध्वनी खणखणू लागले, आणि सी शाज़लींनी हे नवे अस्पर्श तळे ताब्यात घेण्यासाठी मब्रूकाच्या खोलीकडे माणूस पाठवला.

ते छायाचित्र तुमच्याकडेही आलेच असेल. गेल्या आठवड्यात, चहा पिता पिता, तुम्हीच तर ते घरातल्यांना दाखवत म्हणालात, "बघा, माणसाचा मागमूससुद्धा नाही. चला, आपण सगळे जाऊ या!"